विमानातली शिदोरी

2011 सालची गोष्ट. अम्मीला घेऊन मी पुण्याहून दिल्लीला निघालो होतो. बहिणीचे बाळंतपण जवळ आले होते. अम्मीचा तो पहिलाच विमानप्रवास. पहाटे चारला उठून तिने चपात्या लाटल्या, सुका खिमा परतला, शेंगदाण्याची चटणी कुटली आणि घरातल्या जुन्या तीन खणी नाश्तादानात सगळे भरून वर फडके बांधले. मी म्हणालो, "अम्मी, दोन तासांचा तर प्रवास आहे." ती म्हणाली, "प्रवास दोन तासांचा असेल रे, भूक काय तिकीट बघून लागते?"

विमान दोन तास उशिरा सुटले. अम्मीला मधुमेह. विमानात बसल्यावर तिने फडक्याची गाठ सोडायला घेतली आणि मी तिचा हात धरला. "इथं नको, वास येईल. लोक बघतात." मग मी विमानातले सँडविच विकत घेऊन तिच्यापुढे ठेवले. तिने विचारले, "यात काय आहे?" चिकन होते. कोंबडी कुठली, कुणी कापली, हे तिला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. तिने ते माझ्याकडे सरकवले. दिल्ली येईपर्यंत बंद डबा मांडीवर घेऊन ती खिडकीबाहेर बघत राहिली. उतरल्यावर सामानाच्या ढकलगाड्यांजवळच्या एका बाकावर बसून तिने चपाती खाल्ली. हात थरथरत होते. तिला कुणीही काही बोलले नव्हते. बोललो होतो तो मीच.

त्या दिवसाची शरम माझ्या मनातून गेली नाही. एसटीत बिनधास्त डबा उघडणारा मी विमानात का लाजलो, हे शोधायला लागलो आणि हाती बराच इतिहास लागला. पहिलीच गोष्ट कळली ती ही, की प्रवासात घरचे अन्न नेणे हा नियम आहे. आयता ट्रे पुढ्यात येणे हा त्यातला अपवाद, आणि तोही जेमतेम पन्नास-साठ वर्षे टिकलेला.

शिदोरी हा आपल्याकडचा अस्सल शब्द. संस्कृतात तिला पाथेय म्हणतात. आमच्या घरात जी दखनी बोलतात तिच्यात शब्द आहे तोशा, तो फारसीतून आला. तिन्हींचा अर्थ एकच, वाटेचे खाणे. आणि वाटेचे खाणे हे रोजच्या खाण्याहून वेगळे असे. महाराष्ट्रातली दशमी घ्या. पीठ पाण्याऐवजी दुधात मळायचे. अशी दशमी मऊ राहते, दोन दिवस टिकते, हे झाले एक कारण. दुसरे कारण सोवळ्याचे. पाण्यात शिजवलेल्या अन्नाला विटाळ लवकर होतो, दुधातल्या-तुपातल्याला तितका होत नाही, अशी समजूत होती. म्हणजे वाटेत कुणाशेजारी बसलो तरी दशमी चालून जाई. आमच्याकडे हीच जागा रोटाची. गूळ, तूप आणि रवा किंवा गव्हाचे पीठ, खरपूस भाजलेले. आठ दिवसांनी दाताला झुंज देतो, पण बिघडत नाही. एकूण शिदोरीत दोन प्रश्न बांधलेले असतात. हे टिकेल का, आणि हे मला चालेल का. विमानाच्या गोष्टीत हे दोन्ही प्रश्न पुन्हा भेटतात.

सर्वांत मोठ्या शिदोऱ्या आमच्या घराण्यांनी बांधल्या त्या हजला जाताना. कुरआनच्या दुसऱ्या सूरेत हजच्या यात्रेकरूंना वाटेची सामग्री बरोबर घ्यायला सांगितले आहे. त्यामागचा प्रसंग हदीसच्या ग्रंथांत येतो. येमेनचे काही लोक अल्लाहवर भरवसा आहे म्हणत रिकाम्या हाताने निघत आणि मक्केत पोहोचून लोकांपुढे हात पसरत. त्यांना उद्देशून ही आज्ञा आली. भरवसा ठेवा, पण डबा घ्या. अम्मीला हे कुणी शिकवले नव्हते, तरी ती ते पाळत होती.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून हजला जाणाऱ्यांचे मुख्य बंदर मुंबई होते. दूरदूरच्या मुलखातले लोक इथे येऊन जहाजाची वाट पाहत पडून राहत. 1886 साली सरकारने ही वाहतूक नीट लावण्याचे काम थॉमस कुक कंपनीकडे दिले आणि काही वर्षांतच ते बारगळले. त्या काळात डेकवरच्या गरीब यात्रेकरूला जहाजाकडून पाणी आणि सरपण मिळे. तांदूळ, पीठ, डाळ, तूप, मिरच्या, लोणचे, भांडी सगळे ज्याने त्याने आणायचे आणि डेकवर चूल मांडून शिजवायचे. समुद्र खवळला की चुली बंद. मग रोट आणि खारीक. 1882 नंतर तांबड्या समुद्रातल्या कमरान बेटावर यात्रेकरूंना साथीच्या भीतीने अडकवून ठेवू लागले, त्यामुळे शिदोरीचा हिशेब आणखी वाढला. कमी बांधली तर उपास, जास्त बांधली तर ओझे.

बड्यांचीही यातून सुटका नव्हती. भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम 1864 साली मुंबईहून जहाजाने हजला गेल्या. त्यांनी परत आल्यावर प्रवासवर्णन लिहिले. जेद्दाच्या जकातवाल्यांनी सामान कसे उघडले, कशावर कर लावला, याची तक्रार त्यात आहे. राज्य चालवणारी बाई, पण बंदरावर तिचीही गाठोडी सोडली गेली. विमानतळावर एक्स-रे यंत्रापुढे उभे असताना मला ही बेगम हटकून आठवते.

आणि हे केवळ मुसलमानांचे असे मुळीच नाही. 1902 साली जयपूरचे महाराजा सवाई माधोसिंह दुसरे हे सातवा एडवर्ड याच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला निघाले, तेव्हा परदेशात गंगाजलाशिवाय चालणार नाही म्हणून त्यांनी चांदीच्या प्रचंड घागरी भरून नेल्या. त्यासाठी ऑलिंपिया हे अख्खे जहाज भाड्याने घेतले. त्यातल्या दोन घागरी जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये आजही बघायला मिळतात. माणूस आत उभा राहील एवढ्या आहेत. केबिन बॅगेज सात किलो म्हणणाऱ्या काउंटरवर महाराजांचे काय झाले असते!

आमचे नाना सत्तरच्या दशकात मुघल लाइनच्या जहाजाने गेले. ही कंपनी मूळची 1877 सालची, बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन नावाची. नाना गेले तेव्हा जहाजावर जेवण मिळत होते, तरी त्यांच्याबरोबर एक पत्र्याची पेटी होती. आधी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात काही दिवस मुक्काम. तिथे गावोगावचे लोक आपापल्या पेट्यांवर बसलेले. नाना सांगत, त्यांच्या पेटीतले निम्मे सामान त्यांनी खाल्लेच नाही. बंगाली शेजाऱ्याला चटणी दिली, त्याच्याकडून मुरमुरे घेतले. 1995 साली हजची जहाजे कायमची थांबली आणि सगळी वाहतूक विमानांवर गेली. आठवड्याभराचा प्रवास पाच-सहा तासांवर आला.

मध्ये रेल्वेचा टप्पा आहे, तो थोडक्यात सांगतो. स्वातंत्र्यापूर्वी स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगवेगळे मिळे, चहासुद्धा वेगळा. त्या काळात घरचा डबा ही चवीची बाब कमी आणि भांडण टाळण्याची सोय जास्त होती.

आता विमानाकडे येतो. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपालाचे विमान आणले. त्यात खाणे-पिणे सोडा, उतारूच नव्हता. जगात इतरत्र मात्र सुरुवात झाली होती. 11 ऑक्टोबर 1919 रोजी लंडन-पॅरिस मार्गावर हँडली पेज कंपनीने प्रवाशांना खाण्याची टोपली दिली. तीन शिलिंगला विकली, फुकट नव्हे. सँडविच, फळे, चॉकलेट. म्हणजे विमानातले पहिले जेवणही विकतचे आणि थंडच होते. पुढे 1929 साली इम्पीरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा सुरू झाली. तो प्रवास सात दिवसांचा, मधला एक टप्पा चक्क आगगाडीने. मुक्कामाला विमान खाली उतरे आणि उतारू जमिनीवर जेवत.

या साऱ्यात मला सर्वांत आवडलेली हकिगत वॉशिंग्टनची आहे. तिथे हूवर फील्ड नावाचा छोटा विमानतळ होता. त्याच्या जवळच जे. विलार्ड मॅरियट यांचे हॉट शॉप्स नावाचे खाणावळवजा दुकान होते. विमानाला निघालेले लोक वाटेत या दुकानात थांबतात, काहीबाही बांधून घेतात आणि ते घेऊन विमानात चढतात, हे त्यांच्या ध्यानात आले. 1937 साली त्यांनी विमान कंपन्यांशी बोलून खाण्याचे डबे थेट विमानात पोहोचवायला सुरुवात केली. मॅरियटचा विमानांना अन्न पुरवण्याचा अवाढव्य धंदा इथून उभा राहिला. म्हणजे लोक स्वतःचे खाणे घेऊन चढत होते, ते पाहून ट्रे आला. आज ट्रे गेला आणि लोक पुन्हा खाणे घेऊन चढतात, यात बिघडले काय?

मग ट्रेचा सुवर्णकाळ आला तरी कसा? त्याचे कारण पाहुणचार नव्हे, भाड्याचे नियम. दुसऱ्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय मार्गांची भाडी इआटा या कंपन्यांच्या संघटनेत ठरत. अमेरिकेतल्या देशांतर्गत मार्गांची भाडी तिथले सरकारी मंडळ ठरवी. सगळ्यांचे भाडे सारखेच, तर गिऱ्हाईक ओढायचे कशाने? जेवणाने. काचेचे पेले, कापडी रुमाल, कापलेले मांस गाड्यावरून. आपली एअर इंडियाही याच काळात नावारूपाला आली. 8 जून 1948 रोजी तिचे मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. जे. आर. डी. स्वतः विमानात बसले की चहाच्या रंगापासून सगळ्या बारीकसारीक गोष्टी टिपून अधिकाऱ्यांना लिहीत.

ही चढाओढ हास्यास्पद टोकाला गेली 1958 साली. अटलांटिकवर इकॉनॉमी वर्ग सुरू झाला. स्वस्त तिकिटावर फक्त साधे, थंड सँडविच द्यायचे असा इआटाचा नियम. स्कँडिनेव्हियाच्या एसएएस कंपनीने सँडविच दिले, पण त्यांच्या देशातल्या पद्धतीचे. खाली पावाचा एक तुकडा आणि वर मासे, मांस, सॅलडचा डोंगर. पॅन अ‍ॅम आणि टीडब्ल्यूए संतापल्या. याला सँडविच म्हणायचे की जेवण, यावर संघटनेची बैठक भरली आणि एसएएसला 20,000 डॉलर दंड झाला. पावाच्या तुकड्यावरून आंतरराष्ट्रीय खटला! माझ्या अम्मीच्या डब्याला लाजणाऱ्या मला ही गोष्ट आधी ठाऊक असती तर बरे झाले असते.

1978 साली अमेरिकेने भाड्यांवरचे नियंत्रण उठवले. आता भाडे कमी करून गिऱ्हाईक मिळवता येऊ लागले आणि ट्रेवरचे पदार्थ एकेक करून गळू लागले. अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी सॅलडमधले एकेक ऑलिव्ह काढून टाकून वर्षाला 40,000 डॉलर वाचवले, ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गात अजून सांगतात. साउथवेस्ट कंपनी तर शेंगदाण्यांच्या पुडीवरच ओळखली गेली. 2018 साली अ‍ॅलर्जीच्या भीतीने तिने तेही बंद केले. शेंगदाण्यावर वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे जरा लागलेच.

आपल्याकडे हा बदल 2003 साली आला. कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने तिकीट स्वस्त केले आणि फुकटचे खाणे काढून टाकले. 2006 मध्ये इंडिगो आली, तिचाही हिशेब तोच. ज्या लोकांनी कधी विमान पाहिले नव्हते ते विमानात बसले, आणि त्यांनी रेल्वेत जे केले तेच इथेही केले. पिशवीतून ठेपले निघाले, पुरी-भाजी निघाली, चिवडा निघाला, दशम्या निघाल्या. यावर विनोद झाले. 'विमानाची एसटी केली' असे म्हणणारे मी स्वतः ऐकले आहेत. मी हातही धरला होता तो याच आवाजाला भिऊन. पण हे म्हणणारी माणसे ज्या ट्रेची आठवण काढून हळहळत होती, तो ट्रे महागड्या तिकिटात मोजून घेतलेला होता, हे कुणी बोलत नव्हते.

आता 'मला चालेल का' या दुसऱ्या प्रश्नाचे. विमान कंपन्यांनी त्यावर तोडगा काढला तो चार अक्षरी संकेतांचा. आधी कळवले तर वेगळे जेवण. ज्यूंसाठी कोशर, जैनांसाठी कांदा-लसूण आणि कंदमुळांशिवाय, मुसलमानांसाठी हलाल. 'हिंदू मील' नावाचाही एक प्रकार आहे आणि तो बहुधा मांसाहारी असतो, फक्त गोमांस नसते. हे न कळल्यामुळे कितीतरी शाकाहारी मंडळी फसली असतील. 2018 मध्ये एमिरेट्सने हे हिंदू मील बंद करण्याचे जाहीर केले आणि ओरड होताच निर्णय मागे घेतला. 2017 साली एअर इंडियाने देशांतर्गत इकॉनॉमी वर्गात मांसाहारच बंद केला. 2024 अखेर तिने स्पष्ट केले, की हलाल प्रमाणपत्र फक्त आधी मागवलेल्या मुस्लिम मीललाच असेल. प्रत्येक वेळी वादळ उठते. कुणाला वाटते आपल्यावर हलाल लादले जाते, कुणाला वाटते आपल्याला वगळले जाते. मला स्वतःला या संकेतांबद्दल तक्रार नाही, सोय चांगली आहे. पण शेवटच्या क्षणी काढलेल्या स्वस्त तिकिटात ती कुणाला मिळते? तिथे माझ्या अम्मीला, शेजारच्या जैन आजींना आणि कुणा शाकाहारी आजोबांना सारखाच उपाय उरतो, तो म्हणजे घरचा डबा. आपापल्या सोवळ्याची सगळ्यांत कमी कटकट करणारी वस्तू हीच. कुणाकडे काही मागावे लागत नाही आणि कुणाला काही सोडावे लागत नाही.

तरीही विमानात डब्यावर नवी जकात आलीच. ऑगस्ट 2006 मध्ये लंडनहून निघणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आला आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय प्रवासात 100 मिलिलिटरचा नियम रूढ झाला. चटणी पातळ की घट्ट, लोणचे पदार्थ की तेल, असे शास्त्रार्थ एक्स-रेपुढे होऊ लागले. सुक्या खोबऱ्याची गोष्ट आणखी मजेशीर आहे. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानवाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक मालात मोडते. अम्मीच्या चटणीत खोबरे असतेच, पण कुटलेल्या चटणीला अजून कुणी अडवले नाही. केबिनमध्ये नारळ नेण्यावरही बंदी होती. शबरीमलाला जाणाऱ्यांच्या इरुमुडीत नारळ असावाच लागतो. त्यांच्यासाठी 2022-23 च्या यात्राकाळात सरकारने ही बंदी सैल केली, नारळ तपासून सोडू लागले. उमऱ्याहून येणाऱ्यांना झमझमच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणता येतो. यात्रेकरूचे गाठोडे सोडून बघायचे आणि पुन्हा बांधून द्यायचे, हे जेद्दाच्या बंदरापासून चालत आले आहे.

वासाबद्दल एक शब्द, कारण माझा मुद्दा तोच होता. विमानातल्या हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगरावर असतो तितकाच असतो, आणि हवा अतिशय कोरडी. 2010 च्या सुमारास जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्थान्सासाठी जमिनीवरच तशी केबिन तयार करून प्रयोग केले. नाक कोरडे पडते, मीठ आणि साखर जिभेला कमी लागते, असे त्यात दिसले. म्हणजे माझ्या खिम्याचा वास शेजाऱ्याला मला वाटला तितका आला नसता. आणि कुटलेल्या चटणीला, लसणीला, लोणच्याला तिथेही चव राहते, हे अम्मीने कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय ओळखले होते.

त्यानंतर आम्ही बऱ्याचदा एकत्र विमानाने गेलो. दुसऱ्या वेळी डबा मी स्वतः तिच्या पिशवीतून काढून पुढच्या फळीवर ठेवला. ती आधी इकडेतिकडे बघायला लागली. तो धडा मीच दिलेला. मग तिने चपातीचा घास केला आणि पलीकडच्या खिडकीजवळच्या बाईंना विचारले, "घेता का थोडं?" बाईंनी मान हलवून नको म्हटले आणि आपल्या पर्समधून खाकऱ्याची पुडी काढली. आता तिचे नियम ठरलेले आहेत. लोणचे मोठ्या बॅगेत, चटणी कोरडी, खिमा अगदी सुका, आणि नाश्तादान स्टीलचे नको, कारण तपासणीत ते उघडायला लावतात. नानांची पत्र्याची पेटी अजून घरात आहे. तिच्यात ज्वारी ठेवतो.